एका दिवसात वासोटा आणि शिवसागर: वयाने मिश्र गटाला वेळेत बसेल का?

पाणवठा | मंगळवार, सकाळी ९.१०
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून १२ जण निघणार आहोत. त्यात ९ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि पासष्टी ओलांडलेले दोघे आहेत. बामणोलीहून लाँचने शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडायचा, वासोटा चढायचा आणि त्याच दिवशी परत यायचं, असा बेत आहे. चार गोष्टी विचारायच्या आहेत.
बामणोलीहून जावं की तापोळ्याहून? वासोट्याला जोडून नागेश्वर (शेजारच्या डोंगरातली गुहा) होतो का? ज्येष्ठांनी दिवसभर काय करावं? आणि मुलं सोबत असताना बोटीत नेमकं काय तपासून बसावं? गडाचा इतिहास वाचून झाला आहे, त्यामुळे व्यवहारातली माहिती मिळाली तर बरं होईल.

घाटमाथा | मंगळवार, ९.४५
बामणोली. तापोळ्याहून वासोट्याच्या पायथ्याला बोट जाते, पण पाण्यावरचं अंतर वाढतं आणि तेवढा वेळ चढाईतून वजा होतो. मुक्काम महाबळेश्वरला असेल तरच तापोळा सोयीचं. पुण्याहून साताऱ्यापर्यंत साधारण ११० किलोमीटर, पुढे कास पठारावरून बामणोली ३५-३६ किलोमीटर घाटरस्ता. पहाटे चारला गाडी हलली तर साडेसात-आठला धक्क्यावर पोचता.

कोयनाकाठ | मंगळवार, १०.२०
या सहलीचं वेळापत्रक सकाळपासून मांडलं की चुकतं. ते संध्याकाळपासून उलटं मांडायचं. डिसेंबरमध्ये तिथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दरीत उजेड त्याच्या बराच आधी कमी होतो. अंधारात लाँच चालवत नाहीत, आणि वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात असल्यामुळे मुक्कामाला परवानगी नाही. म्हणजे संध्याकाळी पाच ही बामणोलीला परत लागायची वेळ धरा.

पाचला बामणोली म्हणजे साडेतीनला पायथ्याहून बोट सुटली पाहिजे, कारण लाँचला सव्वा ते दीड तास लागतो. त्यासाठी दोनला गडावरून उतरायला सुरुवात हवी. वर फिरायला आणि जेवायला दीड तास, म्हणजे साडेबाराला गडावर. मुलांसोबत चढायला अडीच तास धरले तर दहाला पायथ्याची चौकी सोडलेली असावी, आणि त्यासाठी बामणोलीहून सव्वाआठला लाँच हललेली असावी. यात फुकट घालवायला फार तर अर्धा तास आहे, आणि तो सहसा परवानगीच्या रांगेतच जातो.

गवताळ | मंगळवार, १०.५०
परवानगीची तयारी घरूनच करून निघा. बामणोलीला वनखात्याचं कार्यालय आहे, तिथे गटातल्या प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता आणि ओळखपत्र लागतं. बाराही जणांची यादी एका कागदावर स्वच्छ लिहून दोन प्रती काढा, ओळखपत्रांच्या झेरॉक्स त्याच क्रमाने लावा. आयत्या वेळी खिडकीपाशी उभं राहून नावं लिहायला घेतली तर वीस मिनिटं तिथेच जातात. प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचं शुल्क आणि बोटीचं भाडं वेगवेगळं भरायचं असतं, म्हणून सुटे पैसे रोख ठेवा. नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे मोबाइलवरून पैसे देण्यावर विसंबू नका.

पावसाळ्यात हे जंगल पर्यटकांना बंद असतं. उघडण्याची तारीख आणि नियम दरवर्षी वनखातं ठरवतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकदा फोन करून विचारून घ्या.

तांबडीमाती | मंगळवार, ११.३०
प्लास्टिकबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पायथ्याच्या चौकीवर सॅका उघडायला लावतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्स, चॉकलेटची वेष्टणं, सगळं मोजून कागदावर लिहितात आणि अनामत घेतात. उतरताना तेवढेच नग दाखवले की अनामत परत. बारा जणांच्या सॅका असतील तर मोजणीत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

यावर उपाय घरीच करायचा. पाणी स्टीलच्या बाटल्यांत. दशम्या, थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात. गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या एका मोठ्या डब्यात. लिंबू-साखर-मिठाचं मिश्रण काचेच्या नको, स्टीलच्या छोट्या डबीत. अशी तयारी असेल तर गटाचे नग आठ-दहाच्या वर जात नाहीत आणि गार्ड पाच मिनिटांत सोडतात.

कातळकडा | मंगळवार, १२.०५
वासोटा आणि नागेश्वर एका दिवसात होतात. धडधाकट गट असेल आणि पहिल्या बोटीने गेलात तर जमतं. नागेश्वरची गुहा, आतली पिंड, वरून ठिबकणारं पाणी, आणि समोर एकदम खाली कोकण, हे चुकवू नये.

कोयनाकाठ | मंगळवार, १२.२५
@कातळकडा, धडधाकट गटाला जमतं हे मान्य. पण इथे ९ वर्षांचं मूल आहे. रानातल्या फाट्यापासून नागेश्वरला जाऊन त्याच फाट्याला परत यायला चांगल्या चालीने तीन तासांपेक्षा जास्त लागतात, आणि ती वाट धारेवरची, बरीचशी उघड्या उन्हातली आहे. वर दिलेल्या हिशेबात हे तीन तास कुठेच बसत नाहीत. दोन्ही करायचे म्हटले तर गडावरचा दीड तास अर्ध्यावर येतो आणि उतार घाईत होतो. या वाटेवर पाय मुरगळतात ते उतरताना, वाळक्या पानांखाली लपलेल्या दगडांवर. दोन्हींतलं एकच निवडा.

कातळकडा | मंगळवार, १२.४०
मुलांचं वय वाचायचं राहून गेलं. तुमचं बरोबर आहे, या गटासाठी फक्त वासोटा. नागेश्वर पुढे कधीतरी कोकणातून चोरवणे गावाकडून चढून स्वतंत्र करता येतो, त्या बाजूने बोटीचं बंधनही नाही. पण ती चढण बोटीकडच्या चढणीच्या कितीतरी वरचढ आहे, हे लक्षात ठेवा.

नांगरदोर | मंगळवार, दुपारी २.१५
बोटीच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण तिथे लोक जाकीट अंगात अडकवलं की झालं असं समजतात.

जाकिटाचा आतला फोम आधी दाबून बघा. दाबल्यावर लगेच पूर्वीसारखा फुगला तर चांगला. दबलेलाच राहिला किंवा हाताला खडे लागल्यासारखा कडक लागला तर दुसरं मागा, त्यातली तरंगण्याची ताकद गेलेली असते. मग सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून जाकीट सरळ वर ओढा. ते हनुवटीच्या वर कानापर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात माणूस खाली राहील आणि जाकीट वर निघेल. लहान मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो लावल्याशिवाय उपयोग नाही. मोठ्यांचं जाकीट मुलाला दोरीने बांधून देणं चालणार नाही. ९ आणि ११ वर्षांच्या मुलांची मापं बोट ठरवतानाच सांगून ठेवा, मिळत नसतील तर घरून न्या.

बोटीत चढल्यावर तळाच्या फळ्यांखाली पाणी किती आहे ते बघा. पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा तळातून बाहेर जातो तिथून थेंब थेंब पाणी आत येणं नेहमीचंच. ते मधूनमधून उपसलं जातंय ना, एवढं पाहायचं. साचलेलं पाणी धोक्याचं असतं, कारण बोट डावीकडे कलली की ते पाणीही डावीकडे धावतं आणि कल आणखी वाढवतं. फोटोसाठी दहा जण एका कठड्याला गेले की हेच होतं. टपावर बसणं तर पूर्ण वर्ज्य. वजन जितकं वर, तितकी बोट उशिरा सावरते.

जड सॅका मध्यभागी, तळाला. मुलं मधल्या बाकावर, बाहेरच्या बाजूला मोठी माणसं.

बामणोलीकर | मंगळवार, ३.००
वरचं सगळं बरोबर आहे. इथल्या बाजूने थोडं सांगतो. एका बोटीत किती माणसं बसवायची हे ठरलेलं असतं आणि भाडं बोटीमागे असतं, माणसामागे नाही. बाराच्या गटाने बोट ठरवताना क्षमता विचारून घ्या आणि दोन माणसं वाढत असतील तर "ॲडजस्ट करा" असा आग्रह धरू नका. तुम्ही चढून येईपर्यंत तीच बोट पायथ्याला थांबते. परतीची वेळ नावाड्याला तोंडी सांगा आणि गटातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, कारण पलीकडे गेल्यावर फोन लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाण्यावर दाट धुकं असतं. नावाडी म्हणाला दहा मिनिटं थांबा, तर थांबा. दुपारनंतर वारं उठतं. जलाशय दक्षिणोत्तर पन्नासेक किलोमीटर लांब पसरलाय, त्यामुळे मोकळ्या पात्रात लाटा बऱ्यापैकी होतात आणि परतीच्या वेळी बोट हळू चालते. सकाळी सव्वा तास लागला म्हणून परतीलाही तेवढाच धरू नका.

पाणवठा | मंगळवार, ३.४०
सगळ्यांचे मनापासून आभार. नागेश्वर यादीतून काढला. @बामणोलीकर, डिसेंबरात पाणी किती असेल? बोट चौकीपर्यंत जाते की अलीकडेच उतरावं लागतं?

बामणोलीकर | मंगळवार, ४.१०
धरण भरलेलं असलं की पाणी समुद्रसपाटीपासून २१६३ फुटांच्या आसपास असतं आणि बोट अगदी झाडीजवळ लागते. डिसेंबरात पातळी थोडी उतरलेली असते, चालायला विशेष लागत नाही. खरा फरक फेब्रुवारी-मार्चपासून पडतो. तेव्हा बोट बरीच खाली लागते आणि उघड्या पडलेल्या काठावरून चालावं लागतं. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत ओला असतो, पाय घोट्यापर्यंत जातो. भेगा पडलेल्या भागावरून चाला, चकाकणाऱ्या भागावरून नको. पाणी कमी झालं की बुडालेल्या गावांचे चौथरे आणि झाडांचे बुंधे पाण्याच्या जेमतेम खाली येतात, म्हणून नावाडी वळसा घालून नेतो. त्याला सरळ जा म्हणू नये.

जुनीवही | मंगळवार, ४.५५
पातळीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. कोयनेचं पाणी एवढं का उतरतं? नदी मुळात कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाणारी. पण वीजनिर्मितीसाठी तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, पोफळीकडे सोडलं जातं. जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातलं ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे. शिवाय उन्हाळ्यात पूर्वेकडे सिंचनाला पाणी सुटतं. त्यामुळे ऑक्टोबरात काठोकाठ दिसणारा तलाव मे महिन्यात ओळखू येत नाही.

आणि वासोट्याचं रान इतकं दाट राहिलं त्यालाही धरणच कारण झालं. साठच्या दशकात पाणी अडवल्यावर खोऱ्यातली गावं उठली, पश्चिम काठाची वाट तुटली, १९८५ साली कोयना अभयारण्य झालं. पायथ्याचं मेट इंदवली गावही उठलं, त्याची जोती रानात दिसतात. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत हे अभयारण्य आलं. आपण जिथे एका दिवसाची सहल करतो तिथे लोकांची शेतं आणि देवळं होती, एवढं चालताना मनात असावं.

घाटमाथा | मंगळवार, ५.१५
+१. मुलांना ती जोती दाखवून हे सांगायला हवं.

सागवान | मंगळवार, रात्री ८.३०
चढाईबद्दल. भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर आणि गडाची उंची ११७० च्या आसपास, म्हणजे निव्वळ चढ ५०० मीटरच्या थोडा वर. आकडा मोठा नाही, पण चढ सगळा मधल्या टप्प्यात एकवटलाय.

चौकीपासून ओढ्यापर्यंत वाट जवळजवळ सपाट. ओढ्याजवळ गणपती आणि मारुतीच्या मूर्ती आहेत. इथे सगळ्यांनी बाटल्या भरून घ्यायच्या, पुढे गडावरच्या टाक्यांपर्यंत भरवशाचं पाणी नाही. नंतर दाट रान लागतं. ऊन लागत नाही, पण हवा कोंडलेली असते आणि घाम खूप जातो. माणशी ३ लिटर पाणी, मुलांना २, त्यातलं निदान एक लिटर लिंबू-मीठ-साखरेचं. नागेश्वरच्या फाट्यावर गट एकत्र करा, इथेच पुढचे-मागचे वेगवेगळ्या वाटांना लागतात. झाडी संपली की शेवटचा टप्पा उघड्यावरचा, कारवी आणि गवतातला, मग कातळातल्या पायऱ्या. पहिला दरवाजा ढासळलेला आहे, दुसऱ्यातून आत गेलं की समोर बिनछपराचा मारुती.

गडावर तिथून तीन दिशा. समोर वाड्याचे अवशेष. एका बाजूला महादेवाचं मंदिर आणि पुढे उत्तरेची माची, तिला काळकाईचं ठाणं म्हणतात. स्वच्छ हवा असेल तर तिथून चकदेव, रसाळगड, सुमारगड, महिपतगड दिसतात. दुसऱ्या बाजूला जोडटाकी आणि पुढे बाबूकडा. टाक्यातलं पाणी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून प्यावं.

पानगळ | मंगळवार, ९.०५
बाबूकड्यावर मुलांना घेऊन जाताना एक नियम. कडा नालाच्या आकाराचा, सरळ तुटलेला आहे, समोर जुना वासोटा नावाचा डोंगर. कठडा नाही. डिसेंबरात काठावरचं गवत वाळून एका दिशेला झोपलेलं असतं आणि त्यावरून तळवा घसरतो. कड्यापासून दहा फुटांवर सगळ्यांनी खाली बसायचं, बसूनच बघायचं. उभं राहून पाठमोरा फोटो नको.

आणि आवाज नको. कड्यांना आग्या मोहोळं असतात. आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकणं, अत्तर, डिओ, धूर, तिन्ही टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड आणि मान कपड्याने झाकून झाडीत शिरायचं. तिथे पळापळ म्हणजे कड्यावरून पडण्याचा धोका.

चपलाझिजल्या | मंगळवार, ९.४०
बूट की सँडल? इतक्या सोप्या वाटेला सँडल पुरतात असं माझं मत.

सागवान | मंगळवार, ९.५५
सँडल नको. पानांच्या थरात गोचिडी असतात, त्या उघड्या पायावर चढतात. बूट, लांब मोजे आणि पँटच्या कडा मोज्यांत खोचलेल्या. बोटीत परतल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, मुलांच्या कानामागे तपासा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल किंवा पेटती काडी लावायची नाही. ऑक्टोबरात गेलात तर गोचिडींऐवजी जळवा, त्यासाठी मोज्यांवर मीठ चोळून निघायचं. डिसेंबरात जळवा नसतात म्हटलं तरी चालेल.

चपलाझिजल्या | मंगळवार, १०.१०
पटलं. बूट.

नांगरदोर | बुधवार, सकाळी ७.३०
ज्येष्ठांचा प्रश्न मागेच राहिला. पासष्टीच्या दोघांना पायथ्याला चार-पाच तास बसवून ठेवू नका. तिथे हॉटेल नाही, फोन नाही, आणि प्रवेश तर जंगलाचा काढलेला. त्यांच्यासाठी बामणोलीहूनच दुसरी छोटी फेरी घ्या. दत्तमंदिर आणि त्रिवेणी संगम पाहून दोन-अडीच तासांत परत येतात. कोयना, सोळशी आणि कांदाटी तिथे एकत्र येतात, पात्र रुंद आहे आणि सकाळचं पाणी शांत असतं. मग बामणोलीत भाकरी-पिठल्याचं जेवण आधी सांगून ठेवलं की दुपार निवांत. जेवणाची ऑर्डर निघण्यापूर्वी द्यायची, आयत्या वेळी भाकऱ्या मिळत नाहीत.

चढउताराच्या वेळी त्यांच्यासाठी एवढंच बघा, की नावाडी दोर बांधेपर्यंत कुणी उठायचं नाही आणि बोटीच्या नाकावरून उडी नाही, फळी लावूनच उतरायचं.

गवताळ | बुधवार, ८.१५
@नांगरदोर, चांगली सूचना. म्हणजे वासोट्याच्या परवानगीत दहाच नावं येतील, यादी त्याप्रमाणे करा. शिवाय स्थानिक वाटाड्या सोबत घ्याच. फाट्यावर वाट दाखवण्यापलीकडे तो गव्यांची चाहूल ओळखतो. रानात अस्वलं, गवे, बिबटे आहेत. गवा वाटेवर दिसला तर थांबायचं, त्याला जायला जागा द्यायची, पुढे सरकून मोबाइल काढायचा नाही. झाडांवर शेकरू बघायला मान वर ठेवलीत तर मुलांना हमखास दिसेल.

पाणवठा | बुधवार, ९.००
बेत आता असा ठरला. शुक्रवारी संध्याकाळीच साताऱ्यात मुक्काम, म्हणजे पहाटेची घाई आणि चालकाची झोप दोन्ही प्रश्न मिटतात. शनिवारी सहाला निघून साडेसातला बामणोली. दहा जण वासोटा, दोघे संगम. दोनला गडावरून उतार, मग कोण कुठवर पोचलंय ते न बघता. मुलांची जाकिटं घरून. अजून काही राहिलं?

कोयनाकाठ | बुधवार, ९.२५
उलटफेरीची वेळही आधीच ठरवा. साडेबारापर्यंत झाडी संपलेली नसेल तर तिथूनच मागे फिरायचं. हे चढायला लागण्यापूर्वी मुलांनाही सांगा, वर गेल्यावर सांगितलं की रुसवे होतात. शनिवारऐवजी शुक्रवार जमला तर आणखी उत्तम, परवानगीची रांग आणि बोटींची गर्दी दोन्ही कमी.

पानगळ | बुधवार, ९.५०
प्रत्येकाकडे हेडटॉर्च किंवा साधी बॅटरी. मोबाइलची बॅटरी थंडीत आणि नेटवर्क शोधण्यात लवकर उतरते, फोन विमान मोडवर टाका. प्रथमोपचारात क्रेप बँडेज दोन, ओआरएसची पाकिटं, चिमटा, शिट्टी.

पाणवठा | बुधवार, १०.०५
ओआरएसची पाकिटं मोजणीत धरतात का?

तांबडीमाती | बुधवार, १०.२०
धरतात. आतून प्लास्टिकचा थर असतो. घरीच कोरड्या स्टीलच्या डबीत पावडर ओतून घ्या आणि एका पाकिटाला किती पाणी ते झाकणावर लिहून चिकटवा. बहुतेक पाकिटं १ लिटरची असतात, काही २०० मिलीलिटरची. दोन्ही प्रकार एकाच डबीत मिसळू नका.